प्रशासक राजवटीचा हिशोब मागा!

१५ जानेवारी २०२६ रोजी महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. निकाल लागले, गुलाल उधळला गेला आणि मुंबईच्या आसपासच्या शहरांत पुन्हा नगरसेवक दिसू लागले. कोणाला तिकीट मिळाले, कोणाचे कापले गेले, कोणत्या गटाने कोणाशी युती केली, यावर वस्तीवस्तीत, नाक्यानाक्यावर चर्चा झडली. एका प्रश्नावर मात्र फारसे कोणी बोलले नाही. निवडणूक होण्याआधीची इतकी वर्षे महानगरपालिकेचा पैसा कोणाच्या सहीने खर्च झाला? आणि त्यातला आमच्या वस्तीच्या वाट्याला नेमका किती आला?

वसई-विरार, नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवली या महानगरपालिकांची मुदत २०२० सालीच संपली होती. ठाणे, उल्हासनगर, भिवंडी आणि मीरा-भाईंदर यांची मुदत २०२२ मध्ये संपली. संविधानाचे कलम २४३-यू स्पष्ट सांगते की नगरपालिकेचा कालावधी पाच वर्षांचा, आणि तो संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. प्रत्यक्षात आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचा घोळ अशी कारणे पुढे येत गेली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कुठे चाक हलले. म्हणजे काही शहरांत पाच वर्षांहून अधिक आणि काही शहरांत तीन वर्षांहून अधिक काळ लोकांनी निवडून दिलेला एकही प्रतिनिधी सभागृहात नव्हता.

या काळात काय झाले? आयुक्त हेच प्रशासक झाले. महासभेचे अधिकार त्यांच्याकडे, स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडे. प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच! नगरसेवक कितीही नाकर्ता असला तरी सभागृहात एखादा प्रश्न विचारला जातो, एखाद्या विषयावर गदारोळ होतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी येतात. प्रशासकाच्या दालनात गदारोळ होत नाही. तिथे फक्त सही होते आणि फाईल पुढे सरकते. म्हणूनच त्या वर्षांचा साक्षीदार एकच आहे, तो म्हणजे कागद. तो कागद आज महानगरपालिकेच्या कपाटात आहे. तो बाहेर काढण्याचा अधिकार माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने तुम्हा-आम्हाला दिला आहे. नवा नगरसेवक पुढच्या पाच वर्षांची आश्वासने देईल, मागच्या वर्षांचा हिशोब तो स्वतःहून मागणार नाही. तो आम्हालाच मागावा लागेल, आणि तो कसा मागायचा हे शिकून घ्यावे लागेल.

आंबेडकरी चळवळीला कागदाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. महाडचा लढा पाण्याचा होता, माणूसपणाचा होता, हे आम्ही दरवर्षी २० मार्चला सांगतो. पण तो लढा नगरपालिकेच्या कागदाचाही होता, हे आम्ही विसरतो. सी. के. बोले यांचा नव्हे, सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला म्हणून बाबासाहेबांनी १९२७ मध्ये सत्याग्रह केला. त्यानंतर नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला आणि सनातन्यांनी कोर्टात दावा ठोकला. तळे नगरपालिकेचे की खासगी मालकीचे, हा त्या दाव्यातला मोठा प्रश्न होता. तो दावा बाबासाहेबांनी दहा वर्षे लढवला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात जिंकला. यातून आम्ही दोन गोष्टी घ्यायच्या. रस्त्यावर उतरल्याशिवाय ठराव जिवंत होत नाही, आणि कागद हातात असल्याशिवाय रस्त्यावर मिळवलेले टिकत नाही.

आज आमची पहिली गोष्ट बऱ्यापैकी चालते. मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, साहेब निवेदन स्वीकारतानाचा फोटो छापून येतो. दुसऱ्या गोष्टीत आम्ही कमी पडतो. 'आमच्या वस्तीत काहीच काम झाले नाही' असे आम्ही सांगतो आणि अधिकारी फाईल उघडून दाखवतो की, अमुक लाखांचे काम झालेले आहे, देयकही अदा झाले आहे. मग आमचा कार्यकर्ता गप्प होतो. फाईलमध्ये काय आहे हे आधी पाहिलेले असते तर तो गप्प झाला नसता.

तर अर्ज कसा करायचा? महाराष्ट्रात अर्जाचा नमुना ठरलेला आहे, त्याला 'जोडपत्र अ' म्हणतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. अर्ज ऑनलाइनही करता येतो. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन कलम ६(२) नुसार नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेली विनंती लिहून घेण्यासाठी मदत करणे हे कलम ६(१) नुसार जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. म्हणजे आमच्या वस्तीतली अंगठा उठवणारी आजीसुद्धा महानगरपालिकेला हिशोब विचारू शकते! एक काळजी घ्यावी. हा अधिकार नागरिकाला आहे, संस्थेला नाही. म्हणून मंडळाच्या किंवा पक्षाच्या लेटरहेडवर अर्ज करू नये, स्वतःच्या नावाने करावा. अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढचे सगळे दिवस त्या पोचेवरच्या तारखेपासून मोजले जातात.

दुसरी मर्यादा २०१२ च्या नियमांनी घातली आहे. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत. आमचे कार्यकर्ते एकाच अर्जात गटार, शौचालय, पाणी, घरकुल आणि अतिक्रमण असे सगळे विचारतात आणि अर्ज फेटाळायला आयते निमित्त देतात. पाच विषय असतील तर पाच अर्ज करावेत, आणि ते पाच वेगवेगळ्या माणसांनी केले तर अधिक चांगले.

पण खरी मेख अर्जाच्या भाषेत आहे. 'आमच्या वस्तीत काम का झाले नाही?' असा प्रश्न विचारला की, 'ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असे उत्तर येते. दुर्दैवाने त्या उत्तराला आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात सांगितले की, 'का' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केले की, जे अभिलेखात आहे ते द्यावे लागेल, नवी माहिती तयार करून देण्याचे किंवा मत देण्याचे बंधन कार्यालयावर नाही. म्हणून 'का' विचारू नका, कागदाचे नाव घेऊन कागद मागा. नकाराचे कारण हवे असेल तर त्या फाईलवरील टिपणीची प्रत मागा, कारण अधिकाऱ्याने जे 'का' लिहिले असेल ते त्या टिपणीतच असते.

बांधकामाच्या फाईलमध्ये कोणकोणते कागद असतात, हे पाठ करून ठेवावे. कामाचे अंदाजपत्रक, प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, निविदांचा तुलनात्मक तक्ता, ठेकेदाराला दिलेला कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयक, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. यांतली मोजमाप पुस्तिका, जिला कार्यालयात 'एम. बी.' म्हणतात, ती सर्वांत मोलाची. गटार किती लांब, लादी किती चौरस मीटर, सिमेंटचा थर किती जाड, हे कनिष्ठ अभियंत्याच्या सहीने तिच्यात लिहिलेले असते. ठाणे जिल्ह्यातल्या एका वस्तीसाठी आम्ही अशी पुस्तिका मिळवली. पोरांनी टेप घेऊन पायवाट मोजली. पुस्तिकेत जेवढी लांबी लिहिली होती, तेवढी लांब ती वस्तीच नव्हती! त्यानंतर त्या कार्यालयात आम्हाला बसायला खुर्ची मिळू लागली.

म्हणून नमुन्यादाखल मागणी अशी लिहावी: 'दि. १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीत प्रभाग क्रमांक अमुक मधील अमुक नगर येथे झालेल्या गटार व पायवाटेच्या कामांचे कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने व अदा केलेली देयके यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.' एवढेच. आरोप नको, भाषण नको, 'भ्रष्ट' हा शब्द नको. भाषण सभेत करू, अर्जात फक्त कागद मागू.

वस्तीच्या कामांपुरते थांबू नये. नागरी दलित वस्ती सुधारणा योजना या जुन्या नावाने आम्ही जिला ओळखतो, त्या योजनेचा किती निधी शहराला मिळाला, तो कोणत्या कामांवर खर्च झाला आणि ती कामे कोणत्या ठिकाणी झाली, याची यादी मागावी. आमच्या नावाने आलेला पैसा दुसऱ्याच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यात मुरला का, हे त्या यादीतील पत्त्यांवरून कळेल. दुर्बल घटकांसाठी अंदाजपत्रकात राखून ठेवलेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचे आकडे लेखा विभागाकडे असतात. तरतूद मोठी दाखवायची, वर्षाअखेरीस ती दुसरीकडे वळवायची, ही चाल जुनीच आहे.

घनकचरा आणि मलनिःसारण विभागांकडे तर आमचे विशेष लक्ष हवे, कारण तिथे राबणारी माणसे आमची आहेत. हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाल्यास दहा लाखांची भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. पण मेल्यावर भरपाई मागण्यापेक्षा जिवंतपणी कागद मागितलेला बरा. ड्रेनेज सफाईच्या ठेक्याचा करारनामा, सुरक्षा साधनांच्या खरेदीची देयके, ती साधने कोणत्या तारखेला किती वाटली याची साठा नोंदवही, हे मागा. करारात गमबूट, हातमोजे, मुखवटे लिहिलेले असतात. नोंदवही कोरी असेल तर त्याचा अर्थ सांगायला वकील लागत नाही.

इथे एका नव्या अडथळ्याचा विचार करावा लागेल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी अशी तरतूद होती की, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण आक्रमण करणारी वैयक्तिक माहिती नाकारता येईल, पण व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागेल. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असेही तिथे लिहिलेले होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने हे सगळे कापून टाकले. १४ नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती लागू झाली. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हटले की नकाराची वाट मोकळी! घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, सफाई कामगारांचे हजेरीपत्रक, राखीव जागेवर नोकरी बळकावणाऱ्याचे जातप्रमाणपत्र, हे सगळे आता या एका शब्दाच्या आड लपवले जाईल. बोगस जातप्रमाणपत्रांविरुद्ध लढणाऱ्या आमच्यासारख्यांना हा घाव सर्वांत खोल बसणार आहे. खासगीपणाचे कौतुक आम्हालाही आहे. पण ज्यांची जात शाळेच्या दाखल्यापासून भाड्याच्या खोलीपर्यंत उघडपणे विचारली जाते, त्यांना खासगीपणा कोणी दिला? आणि सार्वजनिक पैशाचा हिशोब मात्र खासगी कसा झाला?

या दुरुस्तीला राजकीय विरोध केलाच पाहिजे. पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. एक तर कलम ८(२) अजून शाबूत आहे. होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते, असे ते सांगते. त्याचा उल्लेख करून जनहित काय, हे अर्जातच एका वाक्यात मांडावे. दुसरे म्हणजे कलम १०. कागदातला न देण्याजोगा भाग झाकून उरलेला कागद द्यावा, असे ते कलम म्हणते. म्हणून हजेरीपत्रक मागताना लिहावे की नावे झाकून प्रती दिल्या तरी चालतील, रोजची कामगारसंख्या आणि अदा केलेली मजुरी कळली पाहिजे. ठेक्यात पन्नास कामगार आणि मुकादमाकडे तीसच, हे नावांशिवायही सिद्ध होते. तिसरे, माणसाविषयी विचारण्याऐवजी कामाविषयी आणि पैशाविषयी विचारावे. रस्ता, गटार, देयक, निविदा यांना खासगीपणा नसतो.

अर्जाला तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तासांत. अर्ज चुकीच्या विभागात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. प्रतीला पानामागे दोन रुपये, पण मुदत उलटली तर कलम ७(६) नुसार माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर तीस दिवसांत पहिले अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प, 'जोडपत्र ब'. तिथेही न्याय मिळाला नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. दोषी ठरला तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड त्याच्या स्वतःच्या खिशातून.

'फाईल सापडत नाही' हे उत्तर हमखास येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात सांगितले आहे की, फाईल सापडत नाही एवढे म्हणून सुटका होत नाही. कसून शोध घ्यावा आणि हरवली असल्यास जबाबदारी निश्चित करावी. आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे, त्यात अभिलेखांच्या बाबतीत नियमभंग केल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. अपिलात या कायद्याचे नाव नुसते लिहिले तरी पुष्कळ फायली आपोआप सापडतात.

मात्र आयोगाच्या भरवशावर राहणे परवडणारे नाही. २०२४ च्या मध्यावर महाराष्ट्राच्या माहिती आयोगाकडे एक लाखाहून अधिक अपिले आणि तक्रारी पडून होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याची चावी केंद्र सरकारने आपल्या हाती घेतली. म्हणून पहिल्या अर्जातच काम व्हावे अशा नेमकेपणाने तो लिहिला पाहिजे, आणि अर्जाशिवायचा एक दरवाजाही ठोठावला पाहिजे.

तो दरवाजा फार थोड्यांना ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे संविधान दिनीच, राज्य शासनाने निर्णय काढला की जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. सोमवारी सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महानगरपालिकेत ही पद्धत आधीपासून होती, तीच राज्यभर लागू केली गेली. आधी फाईल डोळ्यांनी पाहायची, हव्या त्या पानांचे क्रमांक वहीत टिपायचे आणि मग त्याच पानांसाठी अर्ज करायचा. असा अर्ज मोघम म्हणून फेटाळता येत नाही.

दोन इशारे दिल्याशिवाय हा विषय संपवता येणार नाही. पहिला इशारा आमच्याच माणसांसाठी. कागद मिळाला की ठेकेदाराबरोबर 'सेटलमेंट' करणारी जमात शहरोशहरी तयार झाली आहे. ती निळ्या झेंड्याच्या आडून हा धंदा करते तेव्हा वस्तीतल्या खऱ्या अर्जदाराकडेही खंडणीखोर म्हणून पाहिले जाते. मिळालेला प्रत्येक कागद विहारात, वस्तीच्या बैठकीत सर्वांसमोर वाचून दाखवावा. जो कागद सर्वांनी पाहिला, तो विकता येत नाही. दुसरा इशारा सुरक्षिततेचा. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव येथे सतीश शेट्टी यांची हत्या झाली, ती हा कायदा वापरणारा कोणीही विसरू शकत नाही. एकट्याने लढू नये. एकच मागणी दहा जणांनी केली तर कोणा एकावर डोळा ठेवता येत नाही. माहिती मिळाली की तिच्या प्रती लगेच अनेकांच्या हाती द्याव्यात.

प्रत्येक वस्तीने एवढे ठरवावे. पाच माणसे निवडावीत, त्यांत किमान दोन महिला असाव्यात. प्रशासकाच्या काळातली आपल्या प्रभागातली कामे त्यांनी सोमवारी जाऊन पाहावीत, अर्ज करावेत, मोजमाप पुस्तिका आणाव्यात आणि वस्तीत टेप लावून मोजावे. जे निघेल ते लिहून नव्या नगरसेवकाच्या हाती द्यावे आणि पहिल्याच महासभेत त्यावर बोलण्याचे वचन घ्यावे. तो बोलला तर आमचा, नाही बोलला तर तेही पाच वर्षे लक्षात ठेवू. महानगरपालिकेच्या कपाटातली ती फाईल कोणा साहेबाची नाही. आमच्या घरपट्टीतून, पाणीपट्टीतून आणि आमच्या घामातून ती तयार झाली आहे. येत्या सोमवारी दुपारी तीन वाजता ती उघडायला चला!